गॅसकडचं टोक

वहिनी, लोकांनी तुला पार गरीब गाय करून टाकलं. तेरवीपर्यंत जो घरी आला तो तेच म्हणत होता. किती शांत होती, कधी उलटून बोलली नाही, कोणाला शब्दानं दुखावलं नाही. मी पाण्याचे ग्लास फिरवत ऐकून घेत होते आणि मनात म्हणत होते, हे कोणाबद्दल बोलून राहिले? तू आणि उलटून बोलली नाही? माझ्याशी तर तू आयुष्यभर भांडली, आणि तेही एकाच गोष्टीवर. ते भांडण अर्धवट टाकून गेली म्हणून हे लिहायला बसले. तुझ्या फोटोला हार घातला आहे, चांगला ताजा आहे, पण फोटोशी भांडता येत नाही.

आणि हे मी वर्गातल्या भाषेत लिहून राहिले, त्यावर तू हसशील, माहीत आहे. कॉलेजात 'मला-तुला' आणि तुझ्या ओट्याशी आलं की 'मले-तुले', असं तू मला चिडवायची. चिडव. चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि ओट्याशी 'तू'. इथे आपण दोघीच आहोत, म्हणून 'तू'.

दादाशी लग्न होऊन तू आली तेव्हा मी बारावीत होते, आणि गणितात माझा हात धरणारं कोणी नाही असा माझा समज होता. तू कुहीची, गावाकडची. माहेरच्या तांदळाच्या पोत्यांबरोबर आली, म्हणून आई खूश होती. मी तुला फारसं मोजत नव्हते. नवी वहिनी म्हणजे पोळ्या मऊ करणारी आणि मला 'ताई, चहा घेता का' विचारणारी एक बाई, एवढंच.

एका संध्याकाळी तू पोळ्या लाटत होती आणि मी स्टुलावर बसून मॅक्झिमा-मिनिमाचं गणित मोठ्यानं सोडवत होते. मला तशीच सवय होती. डेरिव्हेटिव्ह काढलं, झिरोशी मांडलं, एक्सच्या दोन किमती आल्या, त्यातली जिथे फंक्शन मोठं ते मॅक्झिमम, वीस, झालं. मी वही मिटली. तू पाठ न वळवता म्हणाली, "टोकं पाहिली का?"

"काय?"

"टोकं. शून्य ते सहा दिलं आहे न. शून्याले किती येते, सहाले किती येते, तेही पाहा लागते."

मी वही उघडून सहा घालून पाहिलं. छत्तीस आलं. माझे वीस तोंडात मारल्यासारखे कागदावर पडून होते. तू तव्यावरची पोळी उलटली आणि काही झालंच नाही अशी उभी राहिली.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मी टोकापायीच तं नापास झाली," तू म्हणाली.

हे तू इतक्या सहज बोलली, की बाहेरच्या खोलीत आई बसली आहे हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. लग्न जमवताना 'मुलगी बारावी सायन्स' असं सांगितलं होतं. आई दारात येऊन उभी राहिली. "आम्हाले तं बारावी सांगितली होती."

तू पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "बारावीच होती, आई. पास झाली का, हे कोणी विचारलंच नाही."

म्हणे उलटून बोलली नाही कधी.

आई त्यानंतर किती तरी दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलली. आपल्याला फसवलं, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. बाकीचे सगळे विषय तुझे सुटले होते, एक गणित तेवढं अडकलं होतं. ते सुटलं तर तुला डीएड करायचं होतं. मास्तरीण व्हायचं होतं तुला, लहानपणापासून. तू हे दादाला सांगितलं, दादानं बाबांना. शेवटी बाबांनी जेवताना निकाल दिला, "मार्चमध्ये बसू दे तिले. एक डाव." आई ताटातून मान वर न करता म्हणाली, "एकच. मंग घराकडे लक्ष द्यायचं." त्या 'एकच'वर तुझी सगळी पुढची गाडी उभी होती. तेव्हा मला ते कळलंही नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं, की जिला टोकं माहीत आहेत तिला आता गणित शिकवायचं आहे.

आणि तुला डेरिव्हेटिव्ह काढता यायचं, पण ते झिरोशी काहून मांडायचं, हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. तू पाठ करून टाकलं होतं. मी वहीत रेघ काढून दाखवायचे, तुझे हात कणकेत, वहीला पीठ लागायचं, मी ओरडायचे. मग एक दिवस तूच माझी वही बाजूला सारली, कुठून तरी खडूचा तुकडा आणला आणि सरळ ओट्यावर रेघ ओढली.

आपला ओटा कडप्प्याचा. आजोबांच्या हातमागाचा खड्डा बुजवून बाबांनी स्वयंपाकघर वाढवलं होतं, म्हणून ओटा चांगला लांब होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काळाभोर, आणि पुसला की पुन्हा कोरा. डाव्या हाताला मोरी, उजव्या हाताला गॅस. मोरी म्हणजे शून्य, गॅस म्हणजे सहा. रेघ मोरीपासून निघायची, मधे एक टेकाड करायची, मग जरा खाली उतरायची आणि मग चढत चढत जी जायची ती गॅसपर्यंत. मी पोळ्या लाटायचं बेलणं त्या रेघेला टेकवलं आणि रेघेवरून हळूहळू सरकवत नेलं. चढावर बेलणं तिरपं. टेकाडाच्या माथ्यावर आलं की आडवं, ओट्याच्या काठाला अगदी समांतर. उतारावर उलटं तिरपं. खोलगटात पुन्हा आडवं.

"बेलणं आडवं झालं की डेरिव्हेटिव्ह झिरो," मी म्हणाले.

तू बेलणं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः सरकवून पाहिलं, पुढे, मागे, परत पुढे. मग म्हणाली, "एवढंच होतं काय वं? एवढ्यासाठी त्या मास्तरनं मले वर्षभर रडवलं?" त्या दिवसापासून तू मला ताई म्हणायचं सोडलं. वैशू झाले मी, आणि ओट्याशी तू 'तुम्ही'ची 'तू' झाली.

मग काय, रोजचंच झालं. खडूचे तुकडे तू रिकाम्या आगपेटीत ठेवायची. एकदा आईनं गॅस पेटवायला तीच आगपेटी उघडली आणि खडूच्या तुकड्याकडे बघत उभी राहिली. "काय करून राहिल्या वं तुम्ही दोघी माह्या ओट्यावर?" तू म्हणाली, "आई, गणित." आई पुटपुटत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी तिनं ओटा पुसला नाही, बाजूला पाटावर बसून भाजी चिरली. ते पाहिलं तू, आणि मला कोपरानं ढोसलं. आईचा राग थोडा उतरला, तो त्या दिवशी.

आपलं भांडणही तिथलंच. बेलणं गॅसकडच्या टोकापर्यंत न्यायचं आणि तिथे ते आडवं व्हायचं नाही. तिरपंच राहायचं, तोंड वर करून. मी म्हणायचे, मग हे खरं शिखर नाहीच. टेकाडाचा माथा खरा, तिथे रेघ चढून पुरती झाली आणि उतरायला लागली. इथे तर रेघ चढतच होती, आपण मधेच कापली. कापली नसती तर अजून वर गेली असती. हे कसलं मॅक्झिमम? हे तर भिंत आली म्हणून थांबलेलं.

"थांबलं तं थांबलं," तू म्हणायची. "उंच आहे का नाही?"

"आहे. पण पुढे वाढवली असती तर..."

"वाढवली काहून नाही मंग? गणितात दिली तेवढीच राहते न वं. दिली तेवढ्यातलं सगळ्यात उंच कोणतं, एवढंच विचारलं त्यानं. तू त्याच्या बाहेरचं काहून पाहते?"

मला हे पटायचं नाही. कारण दर वेळी उत्तर तुझंच बरोबर यायचं आणि मला वाटायचं, उत्तर बरोबर असलं म्हणून काय झालं. मी फार भांडले त्यावरून. एकदा तर कढीला उतू जाऊ दिलं आपण, ती सगळी रेघेवरून वाहत मोरीपर्यंत गेली, आणि तू म्हणाली, पाह्य, तुही रेघ उतरून राहिली.

पेपर तू कुहीला दिला, मी इथे. प्रश्न तोच आला, अगदी तसाच, फक्त आकडे वेगळे. दादा तुला संध्याकाळी स्कूटरवरून घेऊन आला. तू चप्पल काढायच्या आधी मला विचारलं, "मॅक्झिमावालं कोणतं लिहिलं?"

मी टेकाड लिहिलं होतं. वहिनी, इतके महिने तुझ्याशी त्या टोकावरून भांडून मी परीक्षेत ते टोक तपासायला विसरले. माझं डोकं त्या माथ्यावरच बसलेलं.

तुझा चेहरा फुलला. "मी टोक लिहिलं," तू म्हणाली. "गॅसवालं." आणि मग हळूहळू तो चेहरा उतरत गेला. तू ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वैशू, मी तसंच लिहिलं वं."

"तसंच म्हणजे?"

"फंक्शन इज मॅक्झिमम ॲट गॅस."

मी ओट्याला धरून हसले. हसता हसता खाली बसले. तूही हसायला लागली, पदर तोंडात कोंबून, आणि आई काय झालं म्हणून धावत आली तरी आपल्याला बोलता येईना. मग हसता हसताच तू रडायला लागली. तेव्हा मला एकदम आठवलं, की ही तुझी एकच खेप होती. मी तुला म्हणाले, बाकी सगळं बरोबर आहे, स्टेप्सचे मार्क मिळतात. तू म्हणाली, "ज्यानं तपासलं त्याच्या घरी गॅस मोरीकडे असला तं?"

निकालापर्यंतचे ते महिने तू कसे काढले, तुलाच माहीत. पोळ्या करायची, धुणी वाळत घालायची, आईचं ऐकायची आणि मधूनच हात थांबवून उभी राहायची. निकालाच्या दिवशी दादा तुझी मार्कशीट आणायला कुहीला गेला. परत आला तो तोंड पाडून, पायऱ्या मोजत असल्यासारखा. आई दारातच म्हणाली, "जाऊ दे. नशिबात नव्हतं." मग दादानं खिशातून कागद काढला आणि त्याला हसू आवरेना. काठावर, पण पास. तू कागद वाचला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. आईनं तुझ्या तळहातावर साखर ठेवली. दादाला मात्र त्या रात्री जेवायला उशिरा वाढलं, आणि ते बरोबरच होतं.

त्या पेपर तपासणाऱ्याला 'ॲट गॅस'चा काय अर्थ लागला असेल, देव जाणे. पण त्यानं तुझी मांडणी वाचली असणार. आज मी स्वतः बारावीला गणित शिकवते, गठ्ठ्यानं पेपर तपासते. एखाद्या पोरीनं उत्तरात काही भलतंच लिहिलेलं दिसलं की माझं लाल पेन थांबतं. आधी मनात येतं, हिच्या घरी गॅस कोणीकडे असेल? मग मी मागे जाते, वरच्या ओळी वाचते, आणि पुष्कळदा सापडतं काहीतरी, जे तिला येत होतं आणि सांगता आलं नव्हतं. माझ्या बरोबरीचे मला म्हणतात, मॅडम, तुम्ही फार वेळ लावता. लावते. हे मला कोणत्याही डिग्रीनं शिकवलं नाही, तू शिकवलं, आणि मी तुला हे कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तुला माहीतच असेल. आता सांगते, उशीर झाला तरी. मी जी काही बरी मास्तरीण झाले ती तुझ्या ओट्याशी झाले.

तुझं पुढचं सरळ गेलं नाही. डीएड झालं, सगळे खूश झाले, आणि नोकरी लागेचना. मग आईला लकवा आला. वर्षानुवर्षं तिला भरवणं, कूस बदलणं, तिच्या शिव्या ऐकणं, सगळं तू केलं. मी माझ्या सासरी, या शहराच्या दुसऱ्या टोकाला, रविवारची पाहुणी. शेवटी शेवटी आई कोणाचं नाव घेत नव्हती, फक्त तुझं घ्यायची. ती गेल्यावर तू जरीपटक्याच्या एका शाळेत लागली, पहिलीच्या पोरांना. पाढे, उजळणी, शेंबूड. मी म्हणायचे, वहिनी, तुझं गणित वाया चाललं. तू म्हणायची, पाढे काय गणित नसते? आणि गुपचूप डिग्रीच्या परीक्षा देत राहिली.

आणि या जूनमध्ये तुझा फोन आला. मी वर्गात होते, उचलला नाही, तर लागोपाठ परत आला. घाबरून बाहेर येऊन उचलला. "वैशू, मले नववी भेटली वं. गणित. बीजगणित, भूमिती, दोन्ही." एवढं बोलून तू थांबली. मग तुझा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला वाटतं इतकी खूश मी तुला कधीच पाहिली नव्हती, त्या मार्कशीटच्या दिवशीही नाही. त्याच महिन्यात तू घराचं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. दादा पांढरा ग्रॅनाइट आणत होता, तुझ्या लेकीला, मनूलाही तोच पाहिजे होता. तू अडून बसली, काळाच पाहिजे म्हणून. डाग दिसत नाहीत, असं तू दादाला सांगितलं. तो बिचारा अजूनही तेच समजून आहे.

दिवाळीच्या आधी ताप आला, आणि तो तापावर थांबला नाही.

दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसले होते, दुपारी. दादा औषध आणायला गेला होता. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं आणि तू ते आमच्या चेहऱ्यावरून वाचलं होतं. तू चादरीवर बोटानं रेघ ओढली. चढ, टेकाड, खोलगट, चढ. पलंगाच्या लोखंडी कडेपर्यंत नेली आणि बोट तिथे ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला राग आला, वहिनी. आजही येतो. मी म्हणाले, "बंद कर हे. चढत होती ती. आत्ता कुठे चढायला लागली होती. नववी भेटली होती तुला."

"भेटली न," तू म्हणाली. "शिकवली न मी. सहामाहीपर्यंत."

"अजून शिकवली असती. दहावी मिळाली असती. अजून वर..."

"तू बाहेरचंच पाहते," तू म्हणाली. आवाज गेला होता तुझा, पण सूर तोच, ओट्याजवळचा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दादा आला. मग संत्र्याची फोड मागितली तू. मी बिया काढून दिली, तू अर्धी खाल्ली. ते भांडण तिथेच राहिलं.

काल तेरवी झाली. आज सकाळी उरलेले पाहुणे गेले. संध्याकाळी मी दूध तापवायला उभी होते, तर तुझी मनू आली. बारावीत आहे पोरगी, तिच्याही परीक्षा तोंडावर. तिनं वरच्या फळीवरून आगपेटी काढली, खडूचा तुकडा घेतला आणि ओट्यावर रेघ ओढली. मोरीपासून गॅसपर्यंत. मला माहीतच नव्हतं, की तू तिलाही असंच शिकवलं. खडू धरायची पद्धतही तुझीच, करंगळी वर.

"आत्या, एक विचारू? टोकावरचं मॅक्झिमम खरं राहते का?"

"आई काय म्हणायची?"

"आई म्हणे, खरं राहते. पण आत्याले नको विचारू म्हणे, ती भांडते."

मी बेलणं घेतलं आणि त्या टोकावर ठेवून पाहिलं. तिरपंच राहिलं. तोंड वर करून, गॅसच्या दिशेनं. मला अजूनही तेच दिसत होतं, की रेघ चढत होती, आणि भिंत नसती तर कुठल्या कुठे गेली असती. ते मला मरेपर्यंत दिसत राहील. पण पोरीनं विचारलं होतं ते दुसरंच. जेवढं दिलं होतं, मोरीपासून इथपर्यंत, त्यात याहून उंच काही होतं का? मी पुरती रेघ पाहिली. टेकाड पाहिलं, खोलगट पाहिलं, आणि परत टोकाशी आले. त्या फोनवरच्या तुझ्या श्वासाशी.

"खरं राहते," मी म्हणाले. "दिलं तेवढ्यातलं सगळ्यात उंच तेच."

"पक्कं?"

"पक्कं. तुझी आई बरोबर होती. मी उगाचच भांडले."

हे तुला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. तू अशी नुसती हसली असती आणि पुढची पोळी टाकली असती. जिंकली तू, वहिनी.

मनूनं रेघेखाली लिहायला सुरुवात केली, मॅक्झिमम ॲट, आणि थांबली. माझ्याकडे बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणजे तेही सांगितलं होतं तू तिला. "काय लिहू?"

"परीक्षेत सहा लिही," मी म्हणाले. "इथे गॅसच लिही."

तिनं लिहिलं. सकाळी पोळ्या करायच्या आहेत, पण ओटा मी अजून पुसला नाही.